कल्पित जगाचे संदर्भग्रंथ

१९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ला गॅरी गायगॅक्स यांनी वाचनीय कथा-कादंबऱ्यांची यादी जोडली. तिच्यातून खेळाला वातावरण मिळते, व्यवहार मिळत नाही. १९८०च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये तर इंद्रालाही ‘हिट पॉइंट्स’ आहेत. पण त्याला पूजणारी माणसे काय पिकवतात, कर कोणाला देतात, हे तिथे सापडत नाही. डायना विन जोन्स यांनी ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’मध्ये (१९९६) याच पोकळीची थट्टा केली आहे.

म्हणून माझी कसोटी अशी: पुस्तक नुसती नावे पुरवते की माणसांमधले देणेघेणे दाखवते? तिला त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) पुरेपूर उतरतो. वतन, बलुते, हक्क यांतून खेळाडूंना भांडायला खरे कारण मिळते. मात्र आत्रे सरकारी नोकर होते. फिरस्त्या जमातींकडे पाहण्याची त्यांची संशयी नजरही आपण उचलली, तर कल्पित जगातही जन्मानेच गुन्हेगार ठरलेली माणसे तयार होतील. या खेळातले ‘ऑर्क’ फार काळ तसेच होते. तेव्हा आत्र्यांकडून तपशील घ्यावा, निवाडा घेऊ नये.