नाना अस्माउ हिचीं काव्यें व जीन बॉइड यांचें संशोधन

जीन बॉइड व बेव्हर्ली मॅक या दोन विदुषींनीं संपादिलेला नाना अस्माउ हिचा समग्र ग्रंथसंग्रह इ. स. १९९७ सालीं अमेरिकेंतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केला. त्याच्या आठ वर्षें अगोदर, १९८९ सालीं, बॉइडबाईंनीं एकटीनें लिहिलेलें अस्माउचें चरित्र 'खलिफाची भगिनी' अशा अर्थाच्या नांवानें लंडन येथें निघालें होतें. आणि २००० सालीं दोघींनीं मिळून सामान्य वाचकांकरितां एक लहान पुस्तक लिहिलें. या तिहींपैकीं मधलाच ग्रंथ महत्त्वाचा असून आमचा मुख्य रोख त्यावर आहे. आफ्रिकेंतील स्त्रियांचा इतिहास हा विषय आमच्या त्रैमासिकाच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचा होय, हें खरें. परंतु जुन्या कागदांचे रुमाल कोणाच्या घरीं आहेत, ते सोडवून पाहावयास कोण जातो, आणि ज्याच्या घरचे ते आहेत त्याच्या मर्जीचा लेप इतिहासावर किती बसतो, हे प्रश्न ज्यांस पदोपदीं पडतात त्यांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. आजच्या नायजेरियाच्या वायव्य भागांत गोबिर नांवाचें हौसा लोकांचें राज्य होतें. तेथें देगेल या गांवीं शेख उस्मान दान फोदियो हा फुलानी जातीचा विद्वान् अध्यापन करीत असे. अस्माउ ही त्याची कन्या. तिचा जन्म इ. स. १७९३ चा. उस्माननें १८०४ त गोबिरच्या राजाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलें, १८०८ त गोबिरची राजधानी पडली, व त्यांतून सोकोटोची खिलाफत उभी राहिली. ती १९०३ त इंग्रजांनीं बुडविली. उस्मान १८१७ त वारल्यावर त्याचा पुत्र महंमद बेल्लो, म्हणजे अस्माउचा सावत्र भाऊ, गादीवर आला व १८३७ पर्यंत त्यानें राज्य केलें. अस्माउचा पति गिदादो हा बेल्लोचा वजीर. क्लॅपर्टन नांवाचा स्कॉटिश प्रवासी १८२४ त सोकोटोस पोंचला तेव्हां त्याची सरबराई याच गिदादोकडे होती. परक्या प्रवाशाच्या रोजनिशींत वजीर सांपडतो. वजिराच्या पत्नीचा शोध घेणारास मात्र घरच्या दप्तराकडेच वळावें लागतें.

तें दप्तर सुदैवानें राहिलें होतें. १९४८ पासून १९९७ पर्यंत सोकोटोची वजिरी सांभाळणारे वजीर जुनैदु हे गिदादोचे वंशज. स्वतः अरबीचे पंडित व इतिहासलेखक. बॉइडबाई इंग्रजी अंमलाच्या अखेरच्या वर्षांत शिक्षणखात्याच्या नोकरीनिमित्त नायजेरियांत गेल्या, हौसा भाषा शिकल्या, व पुष्कळ वर्षें तेथेंच राहिल्या. विद्यापीठांतून इतिहासाची दीक्षा घेऊन आलेल्या त्या पंडिता नव्हेत, शिक्षिका होत. आणि आम्ही ज्या धंद्यांत आयुष्य घालविलें त्याच धंद्यांतील एका व्यक्तीनें हें कार्य केलें याचा आम्हांस अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करितील. वजिरांनीं आपल्या संग्रहांतील अस्माउचीं काव्यें त्यांस दाखविलीं, अर्थ सांगितले, अडलेलीं स्थळें सोडवून दिलीं. मरी लास्ट यांनीं १९६७ सालीं सोकोटोच्या खिलाफतीचा इतिहास अरबी साधनांवरून लिहून त्या दप्तरांचें मोल जगास दाखविलेंच होतें. १९८५ त त्यांनीं व बॉइडबाईंनीं मिळून तेथील स्त्रियांच्या धर्मकार्यावर एक निबंधहि लिहिला. परंतु एकाच स्त्रीच्या सर्व कृति एकत्र करून, त्यांचा काल लावून, अर्थासह छापणें हें काम बॉइड व मॅक यांचें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलावी असें वाटतें. कोणी परदेशी संशोधक गेला कीं त्यानें अमुक 'शोधून काढलें' असें म्हणण्याची लेखकांस खोड आहे. अस्माउ हरवलीच नव्हती. वजिराच्या घरीं तिचे कागद होते, आणि सोकोटोच्या स्त्रियांच्या तोंडीं तिचीं कवनें होतीं. बॉइडबाईंनीं केलें तें हें कीं, जें घरांत होतें तें घराबाहेर आणलें, आणि जें मुखांत होतें तें कागदाशीं ताडून पाहिलें. आमच्या मतें ही कामगिरी 'शोधा'पेक्षां कमी योग्यतेची नाहीं.

अस्माउनें तीन भाषांत रचना केली: विद्वानांकरितां अरबींत, आपल्या फुलानी स्वजनांकरितां फुलफुल्देंत, व बहुजनसमाजाकरितां हौसांत. फुलफुल्दे व हौसा या देशभाषाहि अरबी लिपींतच लिहिल्या जात. अशा लेखनास तिकडे अजमी म्हणतात. लिपि एक व भाषा तीन, हा प्रकार मोडी वाचणारांस नवा वाटणार नाहीं. रचनेचे प्रकारहि पाहण्यासारखे आहेत. दुसऱ्याच्या प्रत्येक श्लोकार्धद्वयास आपल्या तीन ओळी जोडून पंचक करावयाचें, यास तख्मीस म्हणतात. आमच्याकडील समस्यापूर्तीशीं त्याचें नातें दुरूनच लागतें, कारण समस्येंत चरण एक दिला जातो व बाकीचें काव्य आपलें. तख्मिसांत मूळ काव्य सगळेंच्या सगळें आंत जपलें जातें. पित्याच्या व भावाच्या काव्यांवर या कुटुंबांत अशीं पंचकें पुष्कळ झालीं. इ. स. १८२२ त बेल्लोकरितां तिनें जें काव्य केलें त्यांत ओळींचीं आद्याक्षरें जुळवून कुराणांतील, संकटाबरोबर सुलभताहि असते अशा अर्थाचें वचन साधलें आहे. असली रचना केवळ चातुर्याची म्हणून हंसण्यावारी नेऊं नये. आद्याक्षरें ठरलेलीं असलीं म्हणजे एखादी ओळ गळाली कीं गळाल्याचें तत्काळ कळतें. लेखकुच्या हलगर्जीपणावर तो एक पहाराच आहे. पोथ्या नकलून घेणारास त्याची किंमत सांगावयास नको.

या संग्रहांतील सर्वांत उद्बोधक कृति आमच्या मतें साध्वी स्त्रियांच्या नामावलीची होय. तिचा वंशवृक्ष असा आहे. बगदादचा इब्न अल्-जौझी, ज्याचा मृत्यु इ. स. १२०१ त झाला, त्यानें संतचरित्रांचा एक मोठा अरबी ग्रंथ लिहिला. त्यांत स्त्रियाहि आहेत. त्याच्या आधारें बेल्लोनें १८३५ त एक अरबी गद्य उपदेशग्रंथ रचला, आणि तो देशभाषेंत पद्यरूपानें उतरविण्याचें काम बहिणीस सांगितलें. तिनें प्रथम फुलफुल्देंत व मग हौसांत तें केलें. एवढें ऐकून कोणासहि वाटेल कीं ही केवळ भाषांतरकर्त्री. परंतु संपादिकांनीं अस्माउचें पद्य जुन्या अरबी चरित्रांशीं ताडून पाहिलें आहे, आणि त्यांत आढळतें कीं, जुन्या चरित्रांतील देहदंडनाच्या व विक्षिप्त वैराग्याच्या कथा अस्माउनें गाळल्या. तिला रात्रभर रडणारी व अन्न टाकणारी साध्वी नको होती. विद्या, दान, शील यांनीं ओळखली जाणारी हवी होती. आणि शेवटीं तिनें आपल्या पित्याच्या मंडळींतील स्त्रियांचीं नांवें घातलीं. बसऱ्याच्या राबियाच्या नामावलींत सोकोटोकडील जोदा कोवूरी नांवाची कुराणपंडिता येऊन बसते. ग्रंथकर्ता कोणतें गाळतो व कोणतें घालतो यावरूनच त्याचें मन कळतें. संस्कृतांतील एखादी प्राचीन कथा प्राकृत कवीनें कशी फिरविली हें पाहण्यांत ज्यांनीं दिवस घालविले आहेत, त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

दुसरी एक लहान कृति कुराणाच्या ११४ अध्यायांचीं नांवें पद्यांत गुंफणारी आहे. काव्य म्हणून तींत कांहीं नाहीं. पण आम्हीं रूपावली व अमरकोश मुलांकडून पाठ करून घेतले आहेत, आणि निरक्षर श्रोत्यांपुढें याद्या पद्यांत कां घालाव्या लागतात हें आम्हांस ठाऊक आहे. त्या याद्यांचा उपयोग कोठें होई याचें उत्तर 'यान तारू' या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेंत आहे. त्या देशांत तरुण विवाहित स्त्रिया पडद्यांत असत. म्हणून प्रौढ स्त्रिया व लहान मुली यांचे जथे जाजी नांवाच्या प्रमुख बाईबरोबर खेड्यांतून सोकोटोस अस्माउकडे येत, कवनें शिकत, आणि परत जाऊन घराबाहेर न पडणाऱ्या बायकांस शिकवीत. जाजीस अस्माउ एक मोठी गवती टोपी, मालफा, तांबड्या पट्टीसह देई. ही टोपी पूर्वीं गोबिरमध्यें बोरी नांवाच्या भूतसंचार-पूजेच्या प्रमुख बाईची खूण होती. म्हणजे जुन्या पूजेची राजखूण उचलून नव्या विद्येच्या शिक्षिकेच्या डोक्यावर ठेवली. बॉइडबाईंनीं हा धागा पकडला हें त्यांच्या सूक्ष्म दृष्टीचें द्योतक होय. केवळ दप्तर चाळणारास तो दिसला नसता.

आतां उणिवांकडे वळूं. पहिली संपादनाची. ग्रंथ साडेसातशें पृष्ठांचा असून अरबी लिपींतील पाठ त्याच्या अखेरीस जोडले आहेत. परंतु ग्रंथाचा आत्मा इंग्रजी भाषांतर हा आहे. ज्यास प्रत्येक श्लोकाखालीं पाठभेद पाहण्याची संवय आहे त्याची भूक भाषांतरानें भागत नाहीं. जीं कवनें दीडशें वर्षें मुखानें व लेखणीनें दोन्ही वाटांनीं आलीं, त्यांत पाठ हलले असणारच, व कोठें हलले हेंच आम्हांस प्रथम पाहावयाचें असतें. दुसरें असें कीं, चरित्राच्या मुखपृष्ठावर अस्माउचें मृत्युवर्ष १८६५ छापलें आहे, व संग्रहाच्या मुखपृष्ठावर १८६४. एका वर्षाचा फरक लहान दिसतो. पण आमच्या वर्गांत असे फरक लहान मानीत नाहींत.

तिसरी उणीव गंभीर आहे. या सर्व साधनांचा मालक व अर्थ सांगणारा एकच, तो म्हणजे अस्माउचा वंशज. घराणें आपले कागद जपतें तेव्हां आपला गौरव जपतें. सरदारांच्या घरचे कागद पाहिलेल्या कोणासहि हें शिकवावें लागत नाहीं. वजीर जुनैदु यांच्या सचोटीविषयीं आम्हांस शंका नाहीं, आणि त्यांच्यावांचून हा ग्रंथ झालाच नसता. परंतु सोकोटोच्या राज्यांत गुलामगिरी किती खोल होती हें अन्य साधनांवरून आतां सिद्ध आहे: लव्हजॉय व होगेनडॉर्न यांच्या १९९३ सालच्या ग्रंथाप्रमाणें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें दहा लाखांहून अधिक, कदाचित् पंचवीस लाखपर्यंत, गुलाम होते. अस्माउच्या युद्धकाव्यांत विजय आहेत, लूट आहे, बंदिवानहि आहेत. शेख उस्मान स्वतः आपल्या ग्रंथांत त्या काळच्या पंडितांवर कोरडे ओढतो कीं, ते बायका, मुली व गुलाम यांस अज्ञानांत ठेवून फुटेपर्यंत वापरावयाच्या भांड्यांप्रमाणें वागवितात. पण त्याचें म्हणणें गुलामांस शिकवा हें आहे, सोडा हें नाहीं. अस्माउस तीन भाषांत लिहावयास व शिष्यिणींस उपदेश करावयास जो अवकाश मिळाला, तो कोणाच्या दळण्याकांडण्यावर? मॅकबाईंनीं स्वतः १९९२ त हौसा देशांतील स्त्रिया व गुलामगिरी या विषयावर निबंध लिहिला आहे, म्हणजे प्रश्न त्यांस अपरिचित नाहीं. तथापि चरित्रांत व लहान पुस्तकांत भक्तीचा सूर इतका उंच आहे कीं, हा आवाज त्याखालीं दबतो. लहान पुस्तकाविषयीं याहून अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. तें विद्यार्थ्यांस उपयोगी आहे.

याचा अर्थ अस्माउची थोरवी खोटी असा कोणी करूं नये. इ. स. १८४४ त हलीमा नांवाची तिची एक शेजारीण वारली. ही हलीमा राजघराण्यांतील नव्हे, पंडिता नव्हे. आप्तांशीं सोशिकपणानें वागणारी, शेजाऱ्यांच्या उपयोगीं पडणारी साधी बाई. तिच्यावर अस्माउनें विलापिका लिहिली, आणि ती वजिराच्या घरीं भावाच्या व पतीच्या विलापिकांबरोबर जपून राहिली. ज्या काळीं तेथील इतिहास अमीर व लढाया यांनीं भरला होता, त्या काळच्या एका शेजारणीचें नांव आपल्यापर्यंत येतें, तें केवळ या कवयित्रीमुळें.

परंतु ज्यांस हा संग्रह वाचावयाचा आहे त्यांनीं त्याच्या शेजारीं दुसरें एक पुस्तक ठेवावें. करो गांवची बाबा या नांवाच्या वृद्ध हौसा बाईनें आपली जीवनकथा मेरी स्मिथ यांस हौसांत सांगितली व त्यांनीं ती उतरून घेऊन १९५४ त इंग्रजींत प्रसिद्ध केली. बाबा कवयित्री नव्हती, आणि तिच्या घरचें दप्तर नव्हतें. तिच्या वडिलांच्या शेतावर गुलाम राबत, हें ती संकोचावांचून सांगते. आणि कोंटागोराच्या नाग्वामात्से घराण्याच्या टोळ्यांनीं आपल्याच आप्तांस कसें धरून नेलें व द्रव्य भरून कसें सोडवून आणावें लागलें, हेंहि सांगते. कोंटागोराचें हें राज्य स्थापणारा उमरु नाग्वामात्से हा खलिफा अतिकुचा पुत्र, म्हणजे अस्माउचा भाचाच होता.