‘शेख’ कोणत्या अक्षराखाली?

अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांत आपल्या लेखकांची पुस्तके मिळत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. ती काही ठिकाणी खरी असेल. पण पुष्कळदा पुस्तक फळीवर असते आणि तालिकेत हरवलेले असते. कोणते नाव कोणत्या अक्षराखाली आणि कोणता ग्रंथ कोणत्या विषयात, हे ठरले की वाचकाला काय सापडणार हेही ठरून जाते. म्हणून तालिकेचीही समीक्षा व्हायला हवी.

शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ घ्या. श्रीगोंद्याच्या या संतकवीचा ग्रंथ ड्यूई पद्धतीत २९४.५ या हिंदू धर्माच्या वर्गांकाखाली जाऊ शकतो, २९७ या इस्लामच्या किंवा ८९१.४६ या मराठी साहित्याच्याही. तिन्ही जागांचे समर्थन करता येते. पण फळीवर जागा एकच. बाकीच्या वाटा तालिकेनेच मोकळ्या ठेवायच्या असतात. लेखकाचे नाव पाहून कोणी २९७ लिहून मोकळा झाला, की जुने मराठी काव्य चाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या लेखी शेख महंमद जन्मलेच नाहीत. नावावरून विषय ठरवण्याची ही खोड मला सर्वांत घातक वाटते. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ला कादंबरीच्याच कपाटात जागा हवी, समाजसुधारणेच्या नव्हे.

नावांचे हाल तर विचारू नका. महंमद, मोहम्मद, मुहंमद, महम्मद: लेखन चार तऱ्हेचे, म्हणून एकाच माणसाचे चार लेखक होतात. शाहीर अमर शेख ‘अ’त शोधायचे की ‘श’त? त्यांचे मूळ नाव मेहबूब पटेल, म्हणजे ‘शेख’ हे आडनावच नव्हे. मग मलिका अमर शेख? देशपांडे-कुळकर्ण्यांच्या सोयीचा ‘आडनाव आधी’ हा नियम इथे लंगडा पडतो. उपाय जुनाच आहे. एक रूप पक्के करायचे आणि उरलेल्या प्रत्येक रूपाखाली ‘अमुक पाहा’ असे कार्ड ठेवायचे. संगणक आला, कार्डांची कपाटे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ‘पाहा’ही गेले. आता ‘मोहम्मद’ टाइप केले की ‘महंमद’ दिसत नाही.

गावांचेही तेच. जुन्या कागदांतला एलिचपूर जिल्हा १९०५ साली अमरावतीत विलीन झाला; आजचा विद्यार्थी अचलपूर म्हणतो. इमादशाहीवर लिहू पाहणारा या दोन नावांच्या मध्ये उपाशी राहतो.

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याचे एक सूत्र आहे. बाळापूरहून अकोल्याला आलेल्या वाचकाला परतीची एसटी गाठायची असते. त्याच्यापाशी अर्धवट आठवणारे नाव असते, वर्गांक नसतो. वाचनालयांत माणसे कमी आहेत, हे मान्य. तरी शेख, सय्यद आणि पठाण एवढी तीन नावे लावायला दोन दुपारी पुरतील.