कॅलिफोर्नियातली ६० लाख मतं

अमेरिकी अध्यक्षाच्या निवडणुकीबद्दलची तक्रार आपल्या कानावर बहुधा एकाच रूपात येते: जास्त मतं मिळवणारा हरतो. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मतं जास्त होती, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक. दोघंही अध्यक्ष झाले नाहीत. तक्रार खरी आहे. पण मतदाराचं दुखणं याहून खोल आहे.

२०२० ची निवडणूक घ्या. डोनाल्ड ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं कुठल्या राज्यात मिळाली? टेक्सासमध्ये नव्हे, कॅलिफोर्नियात! ६० लाखांवर. त्यातून त्यांच्या वाट्याला एकही निर्वाचक आला नाही. तिकडे टेक्सासमध्ये जो बायडन यांना ५२ लाखांवर मतं पडली, त्यांचीही तीच गत. या माणसांनी मत दिलं, ते मोजलंही गेलं, आणि राज्याच्या सीमेवर ते संपलं. असं दर चार वर्षांनी होत असेल, तर 'मत देऊन काय उपयोग' या उद्गाराला आपण आळस म्हणू नये.

याचं कारण 'राज्यात पहिला येईल त्याला सगळे निर्वाचक' हा नियम. आता गंमत अशी की हा नियम राज्यघटनेत नाहीच. निर्वाचक कसे नेमायचे हे घटनेनं राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलं आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं वेगळी रीत पाळतातही. टीकाकार मात्र लहान राज्यांच्या वजनावर अडून बसतात. वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत आणि निर्वाचक ३. कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या आसपास आणि निर्वाचक ५४. हे विषम आहेच. पण त्या वजनदार वायोमिंगमध्ये प्रचाराला जातं कोण? उमेदवार जातात पेनसिल्व्हेनियात, कारण तिथला निकाल अनिश्चित असतो.

उपायांपैकी सध्या गाजतो तो राज्यांचा करार. २००६ पासून त्याची मोहीम सुरू आहे. राज्यांनी आपले निर्वाचक देशभरात पहिल्या आलेल्या उमेदवाराला द्यायचे. सहभागी राज्यांचे मिळून ५३८ पैकी २७० निर्वाचक झाले की करार लागू. २०२४ पर्यंत बेरीज २०९ झाली होती. घटनादुरुस्ती टाळण्याची युक्ती म्हणून ती हुशार आहे. तत्त्व म्हणून ती आम्हाला अपुरी वाटते. देशभरात पहिला म्हणजे किती टक्क्यांचा पहिला? करार याबाबत गप्प आहे. चार तुल्यबळ उमेदवार असले तर ३० टक्क्यांवरही भागेल. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहानं ३३८ विरुद्ध ७० मतांनी थेट निवडणुकीची दुरुस्ती संमत केली होती, तीत किमान ४० टक्क्यांची अट होती आणि तेवढे कुणालाच न मिळाल्यास दुसरी फेरी. ती सेनेटमध्ये अडली, ते दुर्दैव. जुना मसुदा नव्यापेक्षा अधिक विचारी होता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शिवाय 'नको असलेल्या दोघांतला कमी वाईट' निवडण्याची कुचंबणा थेट मतदानानंही सुटत नाही. २००० मध्ये फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. नेडरवाल्यांना दुसरी पसंती लिहिता आली असती तर? आपल्याला हा प्रकार परका नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण पसंतीक्रमच लिहितो. आणि त्याच १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले ते दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर.

इथे कोणी केनेथ अ‍ॅरो यांचा १९५१ चा सिद्धांत पुढे करील: तीन किंवा अधिक पर्याय असले की पसंतीक्रमांवर आधारलेली कुठलीच पद्धत न्यायाच्या सगळ्या वाजवी अटी एकदम पाळू शकत नाही. मान्य. पण सगळ्या पद्धती सदोष आहेत यावरून सगळ्या सारख्याच सदोष आहेत, हे निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातली ही चूक मोठमोठे लोक करतात. असो.

खरी अडचण निराळीच आहे. ऑरेगनच्या विधिमंडळानं २०१९ मध्ये तो करार स्वीकारला. त्याच ऑरेगनच्या मतदारांपुढे २०२४ मध्ये पसंतीक्रमाचा प्रस्ताव आला, त्यात अध्यक्षाची निवडणूकही होती. मतदारांनी तो फेटाळला. पद्धतीवर चिडलेला माणूस पद्धत बदलायला का कचरतो, हा प्रश्न आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ.