बावडा कोणत्या कपाटात आहे?

सार्वजनिक ग्रंथालयात नवी पुस्तके दाखल होतात तेव्हा ती काही दिवस दर्शनी टेबलावर मांडली जातात, फळ्यावर त्यांची नावे लिहिली जातात आणि मग ती कपाटात जातात. मराठी समीक्षेने या टेबलाकडे कधी ढुंकूनही पाहिलेले नाही. समीक्षा होते ती एकेका पुस्तकाची. एखाद्या तालुक्यात वर्षभरात कोणती पुस्तके आली, कोणती आलीच नाहीत आणि आलेली कोणत्या शीर्षाखाली बसवली गेली, याची समीक्षा करावी असे कोणाला वाटलेले नाही. कथा-कादंबऱ्यांच्या बाबतीत हे एक वेळ चालेल; आवडनिवड म्हणून सोडून देता येईल. ललितेतर पुस्तकांचे तसे नाही. इतिहास, समाजशास्त्र, अर्थकारण, शेती, कायदा, चरित्र या नावाने येणारे पुस्तक ‘असे घडले, हे असे आहे’ असे बजावत येते. शाळा सुटलेल्या प्रौढ माणसाला समाजाविषयीचे ज्ञान मिळते ते बव्हंशी याच पुस्तकांतून. तेव्हा त्यांची निवड म्हणजे गावात काय खरे मानले जाणार याचीच निवड असते, आणि ती निवड करणारे हात कोणाचे, हा प्रश्न निव्वळ ग्रंथपालनाचा राहत नाही.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके येथे मुद्दाम घेतले आहेत. बारामतीची वाङ्मयीन ओळख सांगताना मोरोपंतांचे नाव प्रथम घेतले जाते. पंतांच्या आर्यांचा श्रोता कोण होता आणि त्या पुराणाच्या ओसरीपासून किती हात अंतरावर कोणाला उभे राहावे लागे, हे मात्र त्या ओळखीत येत नाही. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा आला, कालव्यामागून ऊस आला, उसामागून सहकारी साखर कारखाने आले, आणि कारखान्यांमागून शिक्षणसंस्था व राजकीय सत्ता आली. इंदापूर याच कालव्याच्या शेपटाला. तिकडे वालचंदनगर, इकडे उजनीच्या फुगवट्याखाली गेलेली भीमाकाठची गावे. आणि याच तालुक्यात बावडा.

बावडा हे नाव चळवळीतील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. १९७२ साली बावड्याच्या दलित वस्तीवर गावाने सामाजिक बहिष्कार टाकला. त्यामागे तत्कालीन राज्यमंत्र्याच्या भावाचा हात असल्याचा आरोप झाला आणि त्यामुळे हे प्रकरण मुंबईपर्यंत गाजले. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली. दलितांवरील अत्याचारांची नोंद करणारा इळयापेरुमल समितीचा अहवाल संसदेपुढे १९७० मध्येच आलेला होता. या साऱ्या संतापातून १९७२ च्या मध्याला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातील एका मोठ्या विद्रोहाच्या कारणांत इंदापूर तालुक्यातील एक गाव आहे. ज. वि. पवारांनी पँथरचा इतिहास लिहिला, नामदेव ढसाळांनी लिहिला. बावड्याशिवाय तो इतिहास सुरूच होत नाही. मग या दोन तालुक्यांतील ग्रंथालयांच्या नव्या पुस्तकांच्या टेबलावर त्या पुस्तकांची पाळी कधी येते?

आज तालुक्याच्या कोणत्याही मध्यम ग्रंथालयातील ललितेतर टेबल पाहिले तर त्याचा चेहरा सारखाच दिसतो. कलामांचे ‘अग्निपंख’ असते. शिवचरित्रे असतात. इंग्रजीतून मराठीत आलेली यशाची आणि श्रीमंतीची पुस्तके असतात. कियोसाकीच्या ‘रिच डॅड पुअर डॅड’ला तर खेड्यापाड्यांत मागणी आहे. शरद पवारांचे ‘लोक माझे सांगाती’ (२०१५) बारामतीत नसते तरच नवल. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके असतात. या पुस्तकांवर बहिष्कार घाला असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. बहिष्कार म्हणजे काय ते आपल्याला पुरेसे ठाऊक आहे. नेत्याचे आत्मचरित्र हा राजकीय इतिहासाचा दस्तऐवज असतो आणि तो वाचलाच पाहिजे. परंतु दस्तऐवज एकट्याने ठेवला की तो दस्तऐवज राहत नाही, त्याची पोथी होते. कारखाना उभारणाऱ्याचे कथन टेबलावर आणि त्याच कारखान्याला ऊस तोडून घालणाऱ्याविषयीचा अभ्यास कुठेच नाही, अशी मांडणी असेल तर वाचकाने निष्कर्ष काढण्याचे कारणच उरत नाही. तो आधीच काढून ठेवलेला असतो.

श्रीमंतीच्या पुस्तकांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपली मुले ती मोठ्या प्रमाणावर वाचतात. कियोसाकीच्या पुस्तकात दोन बाप आहेत. एक शिकलेला आणि पगारावर जगणारा, दुसरा मालमत्ता कमावणारा. गरीब बापाची चूक एवढीच की तो पैशाविषयी चुकीचा विचार करतो. हे तत्त्वज्ञान अमेरिकेतल्या मध्यमवर्गाला लागू पडते की नाही ते तिकडचे लोक पाहतील. पण ज्या पोराचा आजा येसकरकी करीत होता, ज्याच्या घराण्याची वतनाची जमीन १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या कायद्यानंतरच्या कागदपत्रांत अडकून पडली, त्याला या पुस्तकात आपला बाप कुठे सापडणार? त्याच्या बापाने पैशाविषयी चुकीचा विचार केला नव्हता. त्याच्याजवळ मालमत्ता येऊ नये अशी व्यवस्था शतकानुशतके केली गेली होती, आणि त्या व्यवस्थेला धर्माचा व कायद्याचा दोन्हींचा टेकू होता. दारिद्र्य ही मनाची सवय आहे असे सांगणारे पुस्तक पूर्वसंचिताचीच गोष्ट नव्या वेष्टनात सांगते. पूर्वी गेल्या जन्मातले पाप आडवे येत होते, आता याच जन्मातली ‘नकारात्मक मानसिकता’ आडवी येते. दोन्हीकडे दोषी एकच आणि निर्दोष सुटणारेही तेच.

याच्या उलट एक पुस्तक घ्या. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा इंग्रजी पहिला खंड. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’साठी तो बहुतेकांना माहीत असतो. पण त्यात आणखी दोन प्रकरणे आहेत आणि ती जणू या दोन तालुक्यांसाठीच लिहिली असावीत.

पहिले १९१८ चे, ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया’. शेतीचे तुकडे लहान आहेत म्हणून ते एकत्र करा, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे एकरांवर ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या भांडवलाच्या आणि श्रमाच्या प्रमाणावर ठरते. जमिनीवर माणसांचा अतिरिक्त भार आहे, निष्क्रिय श्रम आहेत, तेव्हा उपाय औद्योगिकीकरणात आहे. कालव्याच्या काठी ऊस पिकवून कारखाना काढणाऱ्या बारामतीने या उत्तराची अर्धी बाजू कृतीत आणली असे म्हणता येईल. राहिलेल्या अर्ध्या बाजूचे काय झाले? सहकारी कारखान्याचा उत्पादक सभासद ऊस पिकवणारा. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला भागही नाही, त्याच्या वाट्याला कोयता. डोनाल्ड अ‍ॅटवुड या अभ्यासकाने नीरेच्या ऊस-प्रदेशावर ‘रेझिंग केन’ (१९९२) हे पुस्तक लिहिले, आणि त्याने व बा. स. बाविस्करांनी मिळून सहकाराविषयी संपादित केलेल्या ग्रंथाचे नावच ‘हू शेअर्स?’ (१९८८) असे आहे. वाटा कोणाला? हा प्रश्न बारामतीत मराठीतून विचारला गेला पाहिजे. अ‍ॅटवुडचे सगळे निष्कर्ष आपल्याला मान्य होतील असे नाही. त्याने सहकाराकडे बरेच सहानुभूतीने पाहिले आहे. पण वाद घालायला पुस्तक हातात असावे लागते.

दुसरे प्रकरण १९४७ चे, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’. त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा अशी तरतूद सुचवलेली आहे. हा विचार बाबासाहेबांनी त्याआधी गोलमेज परिषदेपुढेही मांडला होता, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. बहिष्कार हे शस्त्र कसे चालते हे त्यांना नेमके कळले होते. मारहाण करावी लागत नाही, रक्त सांडत नाही. दुकानदाराने माल द्यायचा नाही, शेतमालकाने काम द्यायचे नाही, दळण दळायचे नाही, वाट द्यायची नाही. सगळे आपापल्या ‘खाजगी’ इच्छेने. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा कायदा केला तो २०१६ चा, अमलात आला २०१७ मध्ये. तोही प्रामुख्याने जातपंचायतींच्या प्रकरणांमुळे. गोलमेज परिषदेपासून मोजले तर ऐंशी वर्षांहून अधिक, बावड्यापासून मोजले तर चव्वेचाळीस. मधल्या काळात इंदापूरच्या एखाद्या तरुणाने हा खंड वाचला असता तर त्याला कळले असते की त्याच्या गावातली घटना ही अपवादात्मक दुष्टपणा नसून आधीच ओळखलेली, व्याख्या केलेली, औषधासह नोंदलेली व्याधी आहे. असे कळणे ही साधी गोष्ट नव्हे. माणूस हळहळणे थांबवतो आणि युक्तिवाद करू लागतो.

आता हा खंड ग्रंथालयात असलाच तर तो कुठे असतो? बहुधा ‘दलित साहित्य’ किंवा ‘आंबेडकर’ अशी चिठ्ठी लावलेल्या एका कपाटात. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला बाहेर येतो, पुष्पहार उतरला की पुन्हा आत. ड्यूईच्या दशांश पद्धतीत शेतीला ६३० हा अंक आहे, अर्थशास्त्राला ३३०, कायद्याला ३४०. ऊस लागवडीचे पुस्तक शोधायला ६३० कडे गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला त्याच फळीवर १९१८ चा हा निबंध दिसला पाहिजे. तो दिसत नाही, कारण आपल्याकडे लेखकाची जात हाच वर्गीकरणाचा अंक ठरतो. गावकुसाबाहेरची वस्ती ग्रंथालयाच्या आतही गावकुसाबाहेरच राहते, फक्त तिला काचेचे दार असते.

आत्मकथनांचेही हेच झाले आहे. नीरा ओलांडली की फलटण. तेथे बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून वह्या वर्षानुवर्षे लपवून ‘जिणं आमचं’ लिहिले. ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले, १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. त्याला आत्मचरित्राच्या कपाटात बसवणारा ग्रंथपाल शीर्षकातला ‘आमचं’ हा शब्द वाचत नसावा. महारवाड्यातील उपासमार, पोतराज, सुनेचा छळ यांचे जे वर्णन त्यात आहे ते एका बाईचे चरित्र नव्हे. ते या नीराखोऱ्याचे समाजशास्त्र आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) तर उघडउघड संशोधन आहे, आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, भेटून केलेले. तेही इतिहासाच्या फळीवर शिवशाही-पेशवाईच्या शेजारी दिसण्याऐवजी ‘स्त्रीविषयक’ म्हणून बाजूला पडते. आपण लिहिले की ती साक्ष होते, इतरांनी आपल्यावर लिहिले की ते ज्ञान होते. ललितेतर विभागातला खरा अन्याय हा आहे आणि तो पुस्तकांच्या संख्येने भरून निघणारा नाही.

व्यवस्थेविषयी थोडे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. (देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानात १९४५ मध्ये झाला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना आठवते.) मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय-कर बसवून ग्रंथालय ही शासनाची जबाबदारी मानली. महाराष्ट्राने कर टाळला आणि खाजगी मंडळांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देण्याची वाट धरली. परिणाम असा की ग्रंथालयाचे नाव ‘सार्वजनिक’, पण कार्यकारी मंडळ गावातल्या त्याच घराण्यांचे. ग्रंथनिवड त्यांची, अनामत आणि वर्गणी ठरवणे त्यांचे. मार्चअखेर अनुदान खर्ची टाकायचे असते, विक्रेता मोठ्या सवलतीचा गठ्ठा घेऊन येतो, दाखलनोंदवहीत आकडे चढतात. चवदार तळेही सार्वजनिकच होते. सार्वजनिक असणे आणि ओंजळ भरता येणे यातले अंतर १९२७ साली महाडला पायी तोडावे लागले.

इथे रिचर्ड राइट आठवतो. १९२७ च्याच सुमारास अमेरिकेतील मेम्फिस शहरात कृष्णवर्णीयांना ग्रंथालयाच्या कपाटांपर्यंत जाण्याची मुभा नव्हती. राइटने एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड घेतले, त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहिली आणि मालकासाठी पुस्तके नेणारा नोकर असल्याचे सोंग करून एच. एल. मेंकेनची पुस्तके मिळवली. ती कादंबऱ्या नव्हत्या. ते टीकालेखन होते. शब्दांनी लढता येते हे त्याला एका ललितेतर पुस्तकाने दाखवले. तो कादंबरीकार नंतर झाला.

आपल्या तरुणाला आज खोटी चिठ्ठी लिहावी लागत नाही. तो ग्रंथालयात रोज जातो, सकाळी सात ते रात्री दहा अभ्यासिकेत बसतो. पण स्वतःची पुस्तके घेऊन. स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक उघडून तो खुर्ची आणि दिवा वापरतो. पलीकडच्या खोलीतली कपाटे त्याच्या अभ्यासक्रमात नाहीत. त्याला दोष देऊ नये, नोकरीशिवाय त्याच्या घरी चूल पेटायची नाही. दोष चळवळीचा आहे. जयंतीच्या वर्गणीतून आपण मिरवणुकीचा ध्वनिक्षेपक आणतो, ग्रंथालयाच्या मागणी-नोंदवहीत मात्र आपल्या वस्तीतून वर्षभरात एकही नोंद पडत नाही. बुद्धविहारात एक कपाट ठेवले म्हणजे काम झाले असे मानतो. ते कपाट हवेच, पण त्यामुळे तालुका ग्रंथालयाची सुटका होता कामा नये. अनुदान आपल्याही पैशाचे आहे.

नोंद केली तरी पुस्तक मिळेल का, हा प्रश्न उरतो, आणि तो ग्रंथपालाची बाजू घेऊन विचारला पाहिजे. २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने एका वृत्तपत्रातील बातमीवरून या शासकीय खंडांच्या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली. बातमी अशी होती की ९ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद विकत घेतला गेला आणि प्रत्यक्षात छापून निघाल्या त्या सुमारे ३३ हजार. कोरा कागद गोदामात पडून आणि इंदापूरच्या ग्रंथपालाच्या हातात यादी. पहिला खंड आला, तर तो ६३० शेजारी ठेवायचा की १४ एप्रिलच्या टेबलावर, हे त्याने त्यानंतर ठरवायचे.