पित्तनलिकांची ‘विकृती’ : एका परिभाषेची चिकित्सा

पित्तनलिकांच्या रचनाभेदांविषयी मराठीत लिहिताना ‘विकृती’ व ‘अपवाद’ हे शब्द सहज योजिले जातात. शरीररचनेविषयी अधिकारवाणीने बोलणे हे प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र नव्हे. त्याचा आक्षेप आहे तो या शब्दयोजनेवर.

उजवी व डावी यकृतनलिका एकत्र येऊन सामायिक यकृतनलिका होते व पुढे तिला पित्ताशयनलिका मिळते, ही पाठ्यपुस्तकातील आकृती सर्वपरिचित आहे. परंतु फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५७ साली केलेल्या वर्गीकरणापासून हे स्पष्ट आहे की, यकृतशाखांची ही जुळणी सुमारे साठ टक्के देहांतच आढळते. अन्यत्र उजवीकडील मागची शाखा डाव्या नलिकेस मिळते, किंवा तिन्ही शाखा एकाच जागी येतात. क्वचित एखादी शाखा थेट पित्ताशयनलिकेतच उतरते. दहांपैकी चार देहांना विकृत ठरविणारी परिभाषा शास्त्रीय कशी म्हणावी? पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. देहाला तसा साचा नसतो.

वैयाकरणांना हा प्रश्न नवा नाही. पाणिनीने विकल्पासाठी ‘वा’, ‘विभाषा’ व ‘अन्यतरस्याम्’ असे तीन शब्द वापरले. परंपरेने ते समानार्थी मानले. उलट, पहिला शब्द अधिक इष्ट, दुसरा कमी इष्ट व तिसरा समबल विकल्प दर्शवितो, असा पक्ष पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली मांडला. तो सर्वमान्य नाही. तथापि असा तरतमभाव आपल्या वैद्यकीय परिभाषेस हवाच आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. या पद्धतीत सामायिक नलिकाच पित्ताशयनलिका समजून कापली जाण्याचा धोका असतो. पित्ताशयात दोनच रचना शिरताना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये, हा स्ट्रासबर्ग प्रभृतींचा १९९५ चा दंडक त्यावरचाच उपाय होय. ज्याच्या मनात एकच आकृती ठसली आहे, त्याला हा दंडक जाचक वाटतो. विकल्प गृहीत धरणाऱ्यास तो स्वाभाविक वाटेल.

रुग्णाची बाजू तर आणखी बिकट. पेण-रोह्याकडे पित्त ‘होते’ ते आंबट ढेकरांनी, आणि ‘उठते’ ते अंगावर गांधी येऊन. अशा माणसास ‘पित्तनलिकेत विकृती आहे’ असे लिहून दिल्यास तो पथ्य तरी विचारील, नाहीतर घाबरेल. ‘नळी नेहमीपेक्षा वेगळ्या जागी येऊन मिळते, हा रोग नव्हे, मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांस ठाऊक असावे’ एवढे मराठी पुरेसे आहे.