‘उयिंबुबे’ ते ‘विमोवे’ : एका शब्दाचा अर्थलोप आणि एका गायकाचा मोबदला

लोकगीतांची चिकित्सा करताना कर्त्याचे अज्ञातत्व हे लोकगीताचे लक्षण म्हणून सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु कर्ता अज्ञात असणे आणि कर्त्याची चौकशीच न होणे या दोन भिन्न अवस्था होत. दुसऱ्या अवस्थेला पहिलीचे नाव दिले गेले म्हणजे वाङ्मयीन वर्गीकरणाच्या आडोशाने आर्थिक अन्याय कसा नांदतो, याचे उदाहरण म्हणून सॉलोमन लिंडा या झुलू गायकाच्या ‘म्बुबे’ या गीताचा विचार उद्बोधक ठरेल.

लिंडा आणि त्याचे ‘ईव्हनिंग बर्ड्‌स’ हे सहगायक यांनी हे गीत १९३९ साली जोहान्सबर्ग येथे गॅलो कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. तबकडी अतिशय लोकप्रिय झाली. इतकी की, पुढे त्या गायनप्रकारालाच ‘म्बुबे’ हे नाव पडले. कर्त्याला मात्र दहा शिलिंग मिळाले व हक्क कंपनीकडे गेले. हा व्यवहार एकाकी नव्हता. अमेरिकेत १९२० नंतर ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या वेगळ्या नावाखाली कृष्णवर्णीयांच्या तबकड्या विकल्या जात, तेव्हा बेसी स्मिथसारख्या विख्यात गायिकेलाही विक्रीतील हिस्सा न देता तबकडीमागे ठरावीक रक्कम देण्यात येई. विक्री वाढली तरी गायकाचे उत्पन्न वाढत नसे.

आता गीतातील शब्दाकडे वळू. ध्रुवपदातील ‘उयिंबुबे’ हे झुलू भाषेतील पूर्ण वाक्य आहे. ‘उ’ हा कर्तृदर्शक पूर्वप्रत्यय, त्यानंतरचा ‘य’ हा ‘असणे’ या अर्थाचा अंश आणि ‘इंबुबे’ म्हणजे सिंह. एकूण अर्थ ‘तू सिंह आहेस’. तबकडी अमेरिकेत पोचल्यावर पीट सीगर यांच्या कानाने हेच ध्वनी ‘विमोवे’ असे ग्रहण केले, आणि १९५१-५२ च्या सुमारास ‘वीव्हर्स’ या गायकवृंदाने ते त्याच रूपात लोकप्रिय केले. कर्ता, क्रिया आणि नाम यांनी बांधलेले वाक्य अशा रीतीने निरर्थक ध्वनिमाला बनले.

अपश्रवण हा स्वतःहून अपराध नव्हे. परभाषेतील शब्द उचलताना प्रत्येक समाजाकडून ते घडते. पण त्याचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. वाक्य म्हटले की त्याला वक्ता असतो. निरर्थक नाद मात्र रानातून, परंपरेतून, कोठूनही आल्यासारखा वाटतो. वीव्हर्सच्या तबकडीवर श्रेय ‘पॉल कँबेल’ या टोपणनावाकडे गेले. १९६१ साली ‘टोकन्स’ या वृंदासाठी जॉर्ज वाइस प्रभृतींनी या गीताला ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे इंग्रजी रूप दिले. त्यातील मुख्य चाल ही मूळ ध्वनिमुद्रणाच्या शेवटी लिंडाने उत्स्फूर्तपणे घेतलेल्या स्वरावलीतून आलेली आहे. म्हणजे परंपरेचा म्हणून जो अंश मानला गेला, तोच नेमका व्यक्तीचा होता. हा समीक्षेतील प्रमाद होय, आणि त्याची किंमत एका कुटुंबाने मोजली.

सीगर यांनी लिंडासाठी एक हजार डॉलर पाठविण्याची व्यवस्था केली, हे त्यांच्या सद्भावाचे द्योतक मानावे लागेल. तथापि देणगी आणि देणे यांत भेद आहे. देणगी देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. देणे हे घेणाऱ्याचा हक्क मान्य करते. लिंडा १९६२ साली दारिद्र्यातच निवर्तला. १९९४ च्या ‘द लायन किंग’ या चित्रपटामुळे गीत पुन्हा जगभर पोचले. पत्रकार रिआन मलान यांनी २००० साली हे प्रकरण प्रकाशात आणले.

पुढील निवाड्याचा आधार मोठा मार्मिक आहे. १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या स्वामित्वहक्क कायद्यात, कर्त्याने हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत जावेत, अशी तरतूद होती. तिच्या आधारे २००४ साली दक्षिण आफ्रिकेत डिस्ने कंपनीवर दावा दाखल झाला. २००६ साली तडजोड होऊन लिंडाच्या मुलींना मोबदला मिळाला आणि लिंडाचे सहकर्तृत्व मान्य झाले. हाच कायदा १९१४ च्या अधिनियमाद्वारे भारतातही लागू होता. येथेही एकरकमी बिदागीवर चित्रपटगीते देणाऱ्या गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा अहस्तांतरणीय हिस्सा २०१२ च्या दुरुस्तीनेच मिळाला.

या प्रकरणाचा बोध केवळ विधिज्ञांसाठी नाही. गीतसंग्राहक जेव्हा एखाद्या गीताखाली ‘पारंपरिक’ असा शब्द लिहितो, तेव्हा तो वर्णन करीत नसून निर्णय देत असतो. गाणाऱ्याची भाषा शिकणे, त्याचे नाव विचारणे आणि ते नोंदविणे ही संशोधनाची शिस्त तर आहेच. पण ज्याच्याजवळ दुसरे कोणतेही कागदपत्र नाही, अशा गायकाच्या बाजूने तोच एकमेव पुरावाही ठरू शकतो.