सुश्रुत, वीटकरी आणि ‘जनक’ हा शब्द

विज्ञानदिनाच्या भाषणांत आणि शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत एक विधान हमखास आढळते. सुश्रुत हा प्लास्टिक सर्जरीचा जनक. इंग्रजांनी ही विद्या पुण्यात पाहिली आणि आपल्या देशी नेली. पालमच्या शाळेतला विद्यार्थीही ते न अडखळता म्हणून दाखवील. विधान सर्वस्वी खोटे नाही, पण ते फार घाईचे आहे. त्यामागे दोन खरे लेख उभे आहेत. ते शेजारी ठेवून वाचले तर काय दिसते, हे येथे पाहू.

पहिला लेख म्हणजे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय. हा ग्रंथ एका हातचा नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला. त्याची नेपाळातली एक पोथी इ. स. 878 मधली आहे. या अध्यायात तुटलेले नाक जोडण्याची कृती थोडक्यात दिली आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे. त्या मापाने गालाची त्वचा कापून काढावी. नाकाचा उरलेला भाग खरवडून ती चटकन जोडावी. श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात. वर पतंग, ज्येष्ठमध, रसांजन यांचे चूर्ण टाकून कापूस ठेवावा आणि तिळाचे तेल शिंपडत राहावे.

याच अध्यायात कानाची पाळी नव्याने करण्याचीही कृती आहे. तेथे गालाचे मांस मुळापाशी जोडलेले, म्हणजेच जिवंत, ठेवावे असे स्पष्ट सांगितले आहे. ही बाब फार मोलाची आहे. त्वचेचा तुकडा पूर्ण तोडला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि जाड तुकडा बहुधा मरतो. एक पट्टी जोडलेली ठेवली तर नव्या जागी रक्तवाहिन्या वाढेपर्यंत जुन्या वाहिन्या त्याला जगवतात. रक्ताभिसरणाचे ज्ञान नव्हते, तरीही निरीक्षण अचूक होते.

हे निरीक्षण केवळ आपल्याकडेच होते काय? पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने लॅटिन भाषेत वैद्यकावर लिहिले. त्याच्या सातव्या खंडात कान, ओठ आणि नाक यांची दुरुस्ती आहे. त्याची रीत वेगळी. शेजारची त्वचा छेद देऊन सैल करायची आणि उणिवेच्या जागी ओढून घ्यायची. तेथे नवे मांस निर्माण होत नाही, ते शेजारून आणावे लागते, हे त्यालाही उमगले होते.

दुसरा लेख लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापलेले पत्र. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापले गेले. पत्र त्याला शेतकरी जातीतला मराठा म्हणते. नाव मात्र पारशी वळणाचे, हेही चिकित्सक वाचकाने टिपून ठेवावे. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे पत्रात नमूद आहे.

कृती अशी. मेणाचे नाक करून ते सपाट केले आणि कपाळावर ठेवून त्याची रेघ ओढली. तेवढी त्वचा सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधली पट्टी जोडलेली राहू दिली. मग ती त्वचा पिळून खाली आणून कापलेल्या कडांत बसवली. काताने भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी सांधा घट्ट केला. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावले. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली.

आता तुलना करा. ग्रंथात गाल आहे, पत्रात कपाळ. ग्रंथात पान, पत्रात मेण. ग्रंथात चूर्ण आणि तेल, पत्रात कात आणि तूप. साम्य आहे, परंतु वीटकरी सुश्रुत वाचत होता असे म्हणण्याला या दोन लेखांत कोणताही आधार नाही. त्याने हे ज्ञान हातातून हातात घेतले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक.

आमचा आक्षेप येथेच आहे. ‘जनक’ हा शब्द ग्रंथाला मान देतो आणि हात विसरतो. पत्रात रोग्याचे नाव आहे, साक्षीदारांची नावे आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाही. आपणही ते कधी विचारले नाही. गंमत अशी की ‘प्लास्टिक’ हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचा अर्थच माती घडवणे असा आहे! 1814 मध्ये लंडनला कार्प्यू यांनी कपाळाच्या त्वचेचे नाक केले आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांनी अनुसरली ती गालाची नव्हे, पुण्याच्या वीटकऱ्याची रीत.

याचा अर्थ सुश्रुताचे महत्त्व कमी करावे असा नाही. सगळे प्राचीन ते कल्पित, असे म्हणणारेही तितकेच घाई करतात. प्रेत पाण्यात ठेवून थराथराने शरीर पाहण्याची आणि भोपळा, काकडी यांवर छेदाचा सराव करण्याची शिस्त या ग्रंथात आहे. शास्त्र आणि कर्म यांपैकी एकच जाणणारा वैद्य एका पंखाच्या पक्ष्यासारखा, असे तोच सांगतो. आमच्या मते हीच त्याची खरी कसोटी आहे. समाजाने हे दोन पंख वेगवेगळ्या जातींच्या घरी ठेवले. वीटकऱ्याची कृती कोणी लिहून घेतली नाही, तपासली नाही, सुधारली नाही. विज्ञान खुंटण्याचे एक कारण येथे सापडते.

शिक्षकांनी हा धडा करून पाहावा. दुधी भोपळ्याच्या सालीवर नाकाचा आकार आखून, एक पट्टी जोडलेली ठेवून साल सोडवा आणि पिळून खाली वळवा. पट्टी किती रुंद हवी? फार पिळली तर काय होईल? पंचवीस दिवस थांबायचे कशासाठी? पालम-गंगाखेडच्या वर्गात वीटभट्टीवर राबणाऱ्यांची मुलेही असतील. त्यांना सुश्रुताइतकेच त्या निनावी माणसाबद्दल सांगा. तक्त्यावरचे विधान मग पुसावे लागणार नाही. त्याखाली मुलेच प्रश्न लिहितील.